‘सगळ्या बोर्डांना चालते’ म्हणून विकली जाणारी ८ जीबी रॅम: आधी चिपवरचा नंबर वाचा

इंटेलच्या जुन्या एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय३ किंवा आय५ आणि आत ४ जीबी रॅम. अशी मशीन आजही हजारो घरांत आणि दुकानांत रोज चालतात. मालक ८ जीबीची डीडीआर३ (या बोर्डांना लागणाऱ्या प्रकारची रॅम) स्टिक शोधतो, एक स्टिक इतरांच्या निम्म्या भावात सापडते आणि वर्णनात ‘सर्व मदरबोर्डसाठी’ असं ठळक लिहिलेलं असतं. स्टिक लावली की पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. स्पीकर जोडलेला असेल तर बीप वाजत राहतात. जुनी ४ जीबी परत लावली की मशीन लगेच सुरू!

विक्रेत्याची उत्तरं ठरलेली असतात. आधी ‘पिना खोडरबराने पुसून बघा’, मग ‘बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा’ आणि शेवटी ‘तुमचा बोर्डच गेलाय’. खरं नुकसान या तिसऱ्या उत्तराने होतं. धडधाकट बोर्ड बदलला जातो आणि या धावपळीत रॅम परत करण्याची मुदतही उलटते. जुनी रॅम ज्या स्लॉटमध्ये चालते, त्याच स्लॉटमध्ये नवी चालत नसेल, तर विक्रेत्याच्या शब्दावर बोर्डाला हात लावू नका.

दोष बहुतेक वेळा चिपच्या रचनेत असतो. प्रोसेसर रॅमशी एका वेळी ६४ बिट बोलतो. नेहमीच्या ८ जीबी स्टिकवर ४ गिगाबिटच्या १६ चिप असतात आणि प्रत्येक चिप ८ बिट देते. म्हणजे ८-८ चिपच्या दोन रँक (मिळून ६४ बिट देणारा चिपचा एक गट म्हणजे रँक). लेबलवर ‘२आरएक्स८’ छापलेलं असतं ते हेच. स्वस्त स्टिकवरही १६ चिप आणि तेवढीच क्षमता, पण प्रत्येक चिप फक्त ४ बिटची. त्यामुळे सोळाही मिळून एकच रँक होते, ‘१आरएक्स४’. अशा चिपमधली जागा शोधताना कॉलमच्या पत्त्याचा एक बिट जास्त लागतो. एएम३ सॉकेटच्या एएमडी प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) हे सांभाळून घेतो, इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधला घेत नाही. ४ बिटच्या चिप मुळात सर्व्हरच्या रॅमवर वापरतात. एएमडीवाल्याला ‘फक्त एएमडीसाठी’ असं सांगून ही स्टिक विकली तर तक्रार नाही. इंटेलवाल्याच्या गळ्यात मारणं ही फसवणूक आहे.

लेबलवर विसंबू नका, ते कोणीही छापून चिकटवू शकतो. स्टिक उजेडात तिरकी धरून चिपवरची बारीक अक्षरं वाचा, मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी दिसतात. सॅमसंगच्या चिपवर ‘के४बी४जी०८’ अशी सुरुवात असेल तर चिप ८ बिटची, ‘के४बी४जी०४’ असेल तर ४ बिटची. हायनिक्सवर ‘एच५टीक्यू४जी८३’ म्हणजे ८ बिट, ‘एच५टीक्यू४जी४३’ म्हणजे ४ बिट. चिप पत्र्याच्या हीटसिंकखाली झाकलेल्या असतील किंवा नंबर घासलेला दिसत असेल, तर ती स्टिक घेऊच नका. डीडीआर३ ला त्या पत्र्याची गरज नसते. दुकानातून घेणार असाल तर कॅबिनेट सोबत न्या, स्टिक लावून डिस्प्ले बघा आणि मगच पैसे द्या. घरी आल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रामची किमान एक पूर्ण फेरी चालवा. एकही एरर आली तर स्टिक परत.

सर्व्हरची रॅम डेस्कटॉपसाठी म्हणून विकणं हा फसवणुकीचा दुसरा प्रकार. खाच जुळते, स्लॉटमध्ये नीट बसते, पण मशीन सुरू होत नाही. ‘पीसी३-१२८००’ च्या पुढे ‘आर’ असेल तर ती रजिस्टर्ड, म्हणजे सर्व्हरची रॅम. डेस्कटॉपला ‘यू’ लागते. स्टिकच्या मधोमध एक वेगळी, मोठी चिप दिसली तरी तेच समजा.

प्रत्येक वेळी विक्रेता लबाडच असतो असंही नाही. जी४१ या इंटेलच्या आणखी जुन्या चिपसेटच्या बोर्डावर ८ जीबीची एक स्टिक कोणत्याही कंपनीची आणली तरी चालणार नाही. तिथे एकूण मर्यादा ८ जीबी, एका स्लॉटला ४ जीबी, आणि तीही १६ चिपची लागते. ८ चिपची ४ जीबी तो चिपसेट धड ओळखत नाही. आय५-२४०० प्रोसेसरवर १६०० वेगाची रॅम १३३३ च्याच वेगाने धावते, ती प्रोसेसरची मर्यादा आहे. विंडोज ३२ बिट असेल तर ८ जीबी लावूनही साडेतीन जीबीच्या आसपासच वापरता येईल.

फसवणूक झालीच असेल, तर स्टिकच्या दोन्ही बाजूंचे, चिपचे नंबर वाचता येतील असे फोटो काढा. विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉटही लगेच घ्या, कारण वर्णन नंतर बदललं जातं. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तरीही टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारीत ‘रॅम चालत नाही’ एवढंच लिहू नका. ‘सर्व मदरबोर्डसाठी म्हणून विकली, प्रत्यक्षात ४ बिट चिपची आहे, इंटेलवर चालत नाही’ असं लिहा आणि चिपचा नंबर द्या.