टिनाच्या छपराऐवजी पफ पॅनेल: घ्या, पण ५० मिमीचा हट्ट नको

नागपुरात मे महिन्यात ४५ अंश तापमान ही बातमी नसते. २३ मे २०१३ला तर पारा ४७.९वर गेला होता. अशा उन्हात टिनाचा उघडा पत्रा दुपारी ७०च्या आसपास तापतो. खालच्या खोलीत कूलर कितीही पाणी पिवो, डोक्यावरची धग हटत नाही, कारण कूलर हवा थंड करतो, पत्रा नाही. घर पाडून नवं बांधणं परवडत नाही अशा कुटुंबाला मदत करायची असेल, तर भिंती ठेवून फक्त छप्पर बदलणं हा मधला मार्ग आहे. त्यासाठी पफ पॅनेल (दोन पत्र्यांच्या मध्ये फोम) हा बाजारातला चांगला माल आहे.

किती जाडीचा घ्यावा? दुकानदार ५० मिमीच पुढे करतो. एक चौरस मीटर छपरातून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, उघड्या टिनातून साधारण ६ वॉट उष्णता आत येते. ३० मिमी पॅनेलमधून ०.७ आणि ५० मिमीमधून ०.४५. निवासी इमारतींसाठीच्या इको निवास संहितेची छताची मर्यादा १.२ आहे. म्हणजे खरा फायदा पहिल्या ३० मिमीतच पदरात पडतो. उरलेले पैसे रिज (छपराच्या माथ्यावरची पत्र्याची टोपी), फ्लॅशिंग (कडा आणि भिंतीचे सांधे झाकणारी पट्टी) आणि चांगल्या स्क्रूंवर घाला. वरचा पत्रा ऑफ-व्हाइट मागा. निळा आणि विटकरी रंग लगेच मिळतो, पण तो ऊन पितो.

माल तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पफच्या नावाखाली थर्माकोलचं पॅनेल गळ्यात मारलं जातं. कापलेल्या कडेला पांढरे मणी दिसले की समजा. पफ पिवळसर आणि एकसंध असतो. फोमची घनता ४० किलो प्रति घनमीटर असायला हवी. ३० मिमी पॅनेलचा १० बाय १० सेंमीचा तुकडा मागा, दोन्ही पत्रे सोलून काढा आणि फोम सोनाराच्या काट्यावर टाका. वजन १२ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. ८ ग्रॅम भरलं तर दुसरं दुकान बघा. पत्रा ०.५ मिमी सांगून ०.३५चा लावतात, तोही मायक्रोमीटरने मोजून घ्या.

१५ बाय १२ फुटांच्या खोलीला एका बाजूला उतार असलेलं छप्पर धरलं, तर १ मीटर रुंदीची, १४ फूट लांबीची ५ पॅनेल लागतात. दोन्ही बाजूंना साधारण ८ इंच आणि पुढे-मागे एकेक फूट वळचण मिळते. एक पॅनेल ४० किलोच्या घरात जातं, त्यामुळे कुजक्या बल्ल्यांवर ते टाकायचं नाही. दर ४ फुटांवर एक असे चार बॉक्स पाइप भिंतीत घट्ट बसवा. उतार १२ फुटांत किमान सव्वा फूट ठेवा. प्रत्येक पाइपवर पॅनेलमागे ३ स्क्रू, म्हणजे ६०. जोडांवर दर दीड फुटाला एक, म्हणजे आणखी ४०.

गळतीचं मूळ बहुतेक वेळा पॅनेलमध्ये नसतं, स्क्रूमध्ये असतं. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पाणी वाहतं त्या खळग्यात नाही. रबराचा वॉशर दाबून नुसता बसला पाहिजे. जास्त आवळला की दोन उन्हाळ्यांत चिरतो. जोडात ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) घालायला फॅब्रिकेटर टाळाटाळ करतात, पण ती न घालता जोड मिटवू देऊ नका. पॅनेल ग्राइंडरने कापू देऊ नका, कारण ठिणग्यांनी रंग जळतो आणि तिथून गंज धरतो. संरक्षक प्लॅस्टिक बसवताच सोला. नागपूरच्या उन्हात ते दोन आठवड्यांत पत्र्याला असं चिकटतं की निघता निघत नाही. आणि उघड्या कडा पत्र्याने बंद करा, नाहीतर उंदीर फोम पोखरतात.

चूल असलेल्या खोलीवर पफ घालूच नये. फोम पेटतो आणि धूरही विषारी. स्वयंपाक चुलीवर होत असेल, तर तेवढा भाग कवेलूंचा (कौलांचा) ठेवा, किंवा आधी गॅस घ्या.

छप्पर बदलल्यावर कूलरची सवयही बदलावी लागते. पूर्वी फटींतून हवा निघून जायची, आता घर बंदिस्त होतं. समोरची खिडकी अर्धी उघडी ठेवली नाही, तर दमटपणा साचतो. भिंतीही टिनाच्या असतील, तर अर्धा फायदा वाया जातो. निदान पश्चिमेची भिंत विटांची करा.

जागेचा मालकी पट्टा हातात असेल आणि भिंतीही मोडकळीला आल्या असतील, तर पॅनेलच्या आधी घरकुलाचा अर्ज करा. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत हवं आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं. पैसे टप्प्याटप्प्याने, कामाचे फोटो ऑनलाइन चढल्यावर येतात, त्यामुळे पायव्याचा खर्च जवळ असल्याशिवाय जुनं घर उतरवू नका.

पॅनेलची मागणी मार्चमध्ये नोंदवा. लांबी कारखान्यातून कापून येते, आणि मेच्या अखेरीस वादळं सुरू झाली की उघड्या घरावर ४० किलोचं पॅनेल चढवणं धोक्याचं ठरतं.