रोज फेकायची कॉन्टॅक्ट लेन्स की महिनाभर वापरायची? आधी थर बघा

संध्याकाळी धुरकट दिसतं, पापणी मिटली की लेन्स ओढल्यासारखी होते? नंबर वाढला असं धरून चालण्याआधी लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात धरा. ओली असताना ती स्वच्छच भासते. पाणी सुकू लागलं की खरं दिसतं: पांढुरकी साय असेल तर बहुधा अश्रूंतली प्रथिनं, तेलकट चकाकणारे डाग असतील तर स्निग्ध पदार्थ.

महिन्याच्या लेन्स आता बहुतेक सिलिकॉन हायड्रोजेलच्या, म्हणजे सिलिकॉन मिसळलेल्या, पाणी धरणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या. डोळ्याला ऑक्सिजन भरपूर मिळतो, प्रथिनं कमी चिकटतात, पण तेल धरतात. जुन्या पद्धतीच्या, जास्त पाण्याच्या आणि ऋण विद्युतभाराच्या साध्या हायड्रोजेलचं उलट: अश्रूंतलं लायसोझाइम हे प्रथिन धन भाराचं, विरुद्ध भार ओढले जातात म्हणून ते तिथे भराभर जमतं. हीच लेन्स रोजच्या रोज फेकायची असेल तर हरकत नाही, साठायला वेळच मिळत नाही. बिघडलेली जुनी प्रथिनं वरच्या पापणीच्या आत खाज आणि दाणे उठवतात. असा त्रास एकदा झाला असेल, किंवा ॲलर्जी असेल, तर रोजचीच घ्या. आठवड्यातून दोन-तीनदाच लावणाऱ्यांना ती फारशी महागही पडत नाही, कारण महिन्याच्या लेन्सचे दिवस पाकीट फोडल्यापासून मोजायचे, वापरल्यापासून नव्हे.

रोज दहा तास घालणाऱ्याला महिन्याची परवडते, अट एकच: तळहातावर लेन्स धुण्याचं सोल्युशन घेऊन प्रत्येक लेन्स चोळायची. बाटलीवर ‘चोळायची गरज नाही’ लिहिलेलं असलं तरी. थर तरीही राहत असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन बघा. मात्र त्याच्याच डबीत सांगितलेले तास, सहसा सहा, पूर्ण झाल्याशिवाय लेन्स डोळ्यात नको, फार भाजतं. नळाचं किंवा बोअरिंगचं पाणी कुठल्याच लेन्सला लावू नका, त्यातून अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाचा डोळ्याला संसर्ग होऊ शकतो. वर्षभराच्या लेन्स मी कुणालाच सुचवणार नाही.

आपल्या इंदूरात एप्रिल-मेची कोरडी हवा आणि धूळ रोजच्या लेन्सच्या बाजूने बोलते. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला जाणार असाल तर चष्माच लावा; मऊ लेन्स रंग शोषून घेते. एरवी आधी लेन्स, मग काजळ. तेल लावलेल्या केसांचा हात तर साबणाने धुतल्याशिवाय नकोच.

डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढा. फेकू नका, डबीसकट डॉक्टरांकडे न्या. तपासणीला ती लागू शकते.