गॅरेजमधली कार्यशाळा: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. गॅरेजमध्ये जी वस्तू काढावी-मांडावी लागत नाही ती वापरली जाते. जी लागते ती खोक्यात पडून राहते. माझ्या सगळ्या खरेदीचा हिशेब शेवटी या एका कसोटीवर लागला.

घर इंदूरला, सुदामानगरात. गॅरेज जेमतेम दहा बाय अठरा फूट, वर पत्रा, आणि रात्री गाडी आतच उभी राहिली पाहिजे ही घरची अट. म्हणजे डाव्या भिंतीलगत जो पट्टा उरतो तीच कार्यशाळा. दिवाळीनंतर एकेक गोष्ट जोडत गेलो. आता मेचं ऊन आणि श्रावणातली झड दोन्ही बघून झालं, गणपतीचं मखरही इथेच झालं. नव्या हत्याराचं कौतुक पहिल्या महिन्यात कोणीही करतं, म्हणून मुद्दाम थांबलो होतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो बेंचचा. 18 मिमीच्या प्लायचे दोन थर फेविकॉल लावून एकावर एक बसवले, म्हणजे 36 मिमी जाडीचा पाट झाला. प्लाय साधा कमर्शियल न घेता आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घेतला, कारण शटरखालून पावसाचं पाणी आत येतं हे माहीत होतं. महाग पडतो, पण कडा फुगलेली नाही, थर सुटलेले नाहीत. बेंचची रुंदी फक्त वीस इंच. त्यापेक्षा जास्त घेतली तर गाडीचं दार उघडत नाही. समोरच्या बाजूला बिजागऱ्यांवर खाली पडणारी दोन फुटांची फळीही लावली होती, आणि सगळ्या बांधणीत मला तिचंच अप्रूप होतं. खरं सांगायचं तर ती फळी मखराच्या वेळी उघडली आणि मोठा प्लाय कापताना उघडतो, एवढंच. रोजचं सगळं काम त्या वीस इंचांवर होतं. कुकरच्या दांड्याचा स्क्रू असो की आईच्या पाटाचा निखळलेला पाय, वस्तू ठेवली की काम सुरू.

उंची मनगटाच्या घडीइतकी ठेवली. रंधा मारायला हीच बरी. बारीक कामाला थोडी ठेंगणी वाटते, तेव्हा स्टूल ओढून बसतो.

माळव्यात राहणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून बसते. गॅरेजची फरशी बहुतेक ठिकाणी भरावावर टाकलेली असते, त्यामुळे ती या मातीबरोबर वरखाली होते. माझा बेंच मागे भिंतीत पक्का आहे आणि पुढचे दोन पाय फरशीवर. जुलैत पुढची कड उचलली गेली. गोल पेन्सिल ठेवली की भिंतीकडे घरंगळायची. याची कल्पना असल्यामुळे पायांच्या तळाला आधीच नट ठोकून त्यात एम 12 चे बोल्ट बसवले होते. एम 12 बोल्टचा एक फेरा म्हणजे पावणेदोन मिमी. पाना घेतला, दोन्ही पाय थोडे थोडे आत घेतले, लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आला. आता ऊन तापलं की उलटे फिरवायचे. पाय काँक्रीटमध्ये गाडायचा सल्ला मला दोघातिघांनी दिला होता. इथल्या मातीत तो ऐकू नये.

दुसरा क्रमांक सुताराच्या वाइसचा, म्हणजे लाकूड दोन जबड्यांत घट्ट धरणाऱ्या साधनाचा. सियागंज बाजारात चार इंची बघत होतो तर दुकानदार म्हणाला, "भिया, छह इंची ले जाओ, चार इंची में रोओगे." त्याचं ऐकलं ते बरं झालं. बसवताना एकच पथ्य पाळा: आतला जबडा बेंचच्या पुढच्या कडेच्या बरोबर रेषेत हवा, बाहेर नको. मग लांब फळी उभी धरली तर तिला बेंचच्या पूर्ण कडेचा टेकू मिळतो. जबड्यांना आतून सागवानी पट्ट्या लावल्यात, त्यामुळे नरम लाकडावर वळ उठत नाहीत. दांडी फिरवताना शेवटच्या पाव फेऱ्यात लाकूड बारीक चुर्र करतं, तिथे थांबायचं. महिनाभरात हाताला ते कळायला लागतं आणि मग शिकंजे, दोऱ्या, पायाने दाबून धरणं हे सगळं सुटतं.

आता मशीनं. बॅटरीवरचा ड्रिल रोज लागतो, तक्रार नाही. एक गोष्ट मात्र खरेदीआधी समजून घ्या. खोक्यावर कुठे 18 व्होल्ट लिहिलेलं असतं, कुठे 20 व्होल्ट मॅक्स. आत दोन्हीकडे लिथियमचे तेच पाच सेल. 18 हा चालतानाचा आकडा आणि 20 हा पूर्ण भरल्यावरचा. जास्त ताकद म्हणून जास्त पैसे मोजू नका. मेमध्ये पत्र्याखाली बॅटरी इतकी तापायची की चार्जर ती घेईचना, गार झाल्यावरच दिवा लागायचा. तेव्हापासून बॅटऱ्या घरात, फडताळात.

सात इंची सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेवरची करवत) चांगला आहे, पण माझ्या कसोटीवर तो नापास. खोक्यातून काढा, पट्टी लावा, वायर ओढा, जमिनीवर थर्माकोलची शीट पसरा, त्यावर प्लाय. एका कापासाठी अर्धा तास. काप मात्र सुरेख येतो, पातं चाळीस दातांचं असेल आणि प्लायची चांगली बाजू खाली ठेवली तर. या सॉचे दात खालून वर कापत येतात, त्यामुळे चिपा वरच्या बाजूला उडतात. पात्याची खोली प्लायच्या जाडीपेक्षा तीन-चार मिमीच जास्त ठेवा.

अँगल ग्राइंडर लोखंडासाठी घेतलाय आणि लोखंडासाठीच वापरतो. आपल्याकडे बरेच मिस्त्री त्याचं गार्ड काढून लाकडाचं दातेरी पातं लावतात. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे, आणि सरकवून चालू करायचं बटण हातातून सुटलं तरी चालूच राहतं. पातं लाकडात अडकलं की मशीन उसळून अंगावर येतं. शेजारचे काका म्हणतात, वीस वर्षं असंच कापतोय. त्यांना नमस्कार.

विजेवर कंजुषी करू नका. सॉ साधारण सहा अँपिअर ओढतो, व्हॅक्यूम तेवढाच. दोन्ही एकदम चालवायचे तर सहा अँपिअरचं एक्स्टेन्शन बोर्ड वितळणारच. मुख्य बोर्डापासून वेगळी वायर, सोळा अँपिअरचे सॉकेट, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच. पावसात ओल्या फरशीवर चपलेशिवाय उभं राहून ड्रिल चालवणारे आपण लोक. हा डबा हवाच. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघतो. दिव्यांच्या बाबतीत एकच: एक मोठा दिवा डोक्यामागे लावण्यापेक्षा बेंचच्या पुढच्या कडेवर छताला दोन ट्यूब लावा. सावली खुणेवर पडत नाही.

भिंतीवरचा तयार छिद्रांचा बोर्ड मात्र पैसे वाया. आषाढ संपेपर्यंत पोटात वाकला, आकडे सुटून पटाश्या खाली. त्याच्या जागी आता 45 अंशात तिरक्या कापलेल्या पट्ट्या आहेत: अर्धी भिंतीला, उलटी अर्धी हत्यारांच्या फळीला, नुसती अडकवायची. जड वस्तू ठेवली की आणखी घट्ट बसते, आणि फळी उचलून दुसरीकडे नेता येते. ओल असलेल्या भिंतीपासून फळी बोटभर सुटी राहते हा वरचा फायदा.

भुशासाठी रंगाच्या वीस लिटरच्या बादलीवर सायक्लोनचं झाकण बसवलं. जड भुसा बादलीत गरगरत खाली बसतो, व्हॅक्यूमचा फिल्टर लवकर तुंबत नाही. तरी मास्क लावतोच, कारण लाकडाची बारीक धूळ कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीत आहे. कचरा वेगवेगळा करून न दिल्यास कचऱ्याच्या गाडीची काय धाकधूक असते ते इंदूरकरांना सांगायला नको. रंगाचे डबे आणि थिनरची फडकी घातक कचऱ्याच्या कप्प्यात. जवसाच्या तेलाची फडकी मात्र बोळा करून कधीही टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडली नाही तर फडकं आपोआप पेटतं. दोरीवर पसरून कडक वाळू द्यायची, मग टाकायची.

गंजाला तोड नाही, फक्त सवय आहे. रंध्याचा तळ आणि वाइसचा स्क्रू आठवड्याला मशीनच्या तेलाने पुसतो. खणाची दर्शनी फळी भरीव सागाची आहे, ती श्रावणात अडकायला लागली. दोन मिमी फट ठेवली असती तरी चाललं असतं. प्लायचे खण अजिबात अडकले नाहीत.

टेबल सॉ घेऊ का असं बरेच जण विचारतात. या जागेत नको. मोठी शीट मी प्लायवाल्याकडेच त्याच्या मशीनवर सरळ कापून आणतो, तो थोडे पैसे घेतो पण काटकोन चोख येतो. घरी फक्त शेवटचं माप. दुपारी दोन ते चार मशीन बंद, कारण पलीकडच्या काकू झोपतात. उन्हाळ्यात हीच वेळ पत्र्याखाली बसवत नाही, त्यामुळे भांडण झालेलं नाही. शटरखालच्या फटीला रबरी पट्टी लावायचं काम राहिलंय, ते पुढच्या मृगाआधी करणार आहे. कोणी लावली असेल तर कोणत्या जाडीची घेतली ते कळवा.