बोर्डावर काय लिहायचं: कॉस्मेटॉलॉजिस्ट की ब्युटी थेरपिस्ट?

निकाल लागले की आमच्या पंचवटीतल्या मुली येतात, "ताई, पार्लरचा कोणता कोर्स करू?" मी आधी उलटं विचारते: उद्या बोर्डावर स्वतःच्या नावाखाली काय लिहिणार आहेस?

मी आयटीआयमधून कॉस्मेटॉलॉजी केलं. दहावीवर प्रवेश, एक वर्ष, शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. नवरीचा नव्या पद्धतीचा मेकअप तिथे फारसा शिकायला मिळाला नाही, तो मी नंतर एका वहिनींच्या हाताखाली राहून शिकले. पण हात तिथेच बसला. गुडघ्यावर दोरा चालवून चालवून थ्रेडिंग पक्कं झालं. केसांना रंग लावायच्या ४८ तास आधी कानामागे थोडा लावून बघायचा, ही शिस्त तिथली आहे.

दुसरी वाट ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलची. तिथे पदांची नावंच ठरलेली आहेत: आधी असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट, मग ब्युटी थेरपिस्ट. कोर्स आयटीआयपेक्षा लहान असतात आणि वर्षानुवर्षं पार्लरमध्ये काम केलेल्या बाईला परीक्षा देऊन आपल्या हातातल्या कामाचं प्रमाणपत्र घेता येतं. ज्यांना घर सांभाळून शिकायचंय त्यांना हे सोयीचं पडेल.

तिसरी वाट सिडेस्को डिप्लोमाची. सौंदर्योपचारांची ही आंतरराष्ट्रीय संस्था १९४६ पासूनची, मुख्यालय झुरिकला. १२०० तासांचं शिक्षण आणि वर ६०० तासांचा कामाचा अनुभव. परदेशी स्पा किंवा क्रूझवर जायचं असेल तर याला मान आहे, आणि तो रास्त आहे. नाशिकमध्ये मात्र हे नाव घेतलं की "सिडकोत कुठे?" असं विचारतात, सिडको ही इथली वसाहत. इथेच पार्लर चालवायचं असेल तर तो खर्च वसूल व्हायला फार वेळ लागेल, असं मला वाटतं. सहा-आठ आठवड्यांत "कॉस्मेटॉलॉजिस्ट" करून देणाऱ्या क्लासचं प्रमाणपत्र घ्यायचंच असेल, तर त्यावर शिकवलेले तास लिहून देणार का, एवढं आधी विचारा.

आता मला ज्याचा त्रास झाला ते सांगते. प्रमाणपत्रावर कॉस्मेटॉलॉजी होतं, म्हणून मी बोर्डावर हक्कानं "कॉस्मेटॉलॉजिस्ट" लिहिलं. खोटं काहीच नव्हतं. पण त्वचेचे डॉक्टरही हाच शब्द वापरतात, आणि लोकांना त्यातला फरक कसा कळणार? आठवड्याला एक-दोघं तरी विचारायची, "मॅडम, गोळ्या लिहून देता ना?" कुणाला तीळ जाळून हवा, कुणाला चेहऱ्याला लावायची ट्यूब. एक आई मुलीच्या गालावरचा पांढरा डाग दाखवायला आली. डॉक्टरांकडे जा म्हटल्यावर ती चिडली, "मग बोर्डावर कशाला लिहिलंय?" मुलगी शेजारी मान खाली घालून उभी होती. डाग दिसल्यापासून त्यांनी किती महिने असे घालवले असतील, हा विचार मला रात्रभर सोडेना. आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात, म्हसरूळला आहे. एमबीबीएस करून वर तीन वर्षं एमडी केलेल्या माणसाचा आणि माझा बोर्ड सारखा दिसावा, हे मला पटलं नाही.

माझा अनुभव एका गल्लीचा आहे. नाशिकच्या कॉलेज रोडसारख्या उच्चभ्रू भागात "कॉस्मेटॉलॉजिस्ट" लिहिल्यानं गिऱ्हाईक वाढतही असेल. "ब्युटीशियन" हा शब्द सगळ्यांना कळतो, पण त्यात वर्षभराचं शिक्षण दिसत नाही. म्हणून झेपत असेल तर वर्ष आयटीआयला द्यावं आणि बोर्डावर "ब्युटी थेरपिस्ट" लिहावं, या बाजूला माझं मन झुकतं. मी तसाच नवा बोर्ड रंगवून घेतला आणि प्रमाणपत्र आत आरशाशेजारी लावलं.

गोळ्या मागायला आता कुणी येत नाही. डाग दाखवायला कुणी आलंच, तर "ताई, चांगला डॉक्टर सांगा" म्हणत येतं.