अँप दोन दिवसात, डबा अडीच महिन्यात: तापकीर गल्ली, भोसरी आणि माझा हेडफोन अँप

हेडफोन अँपचं (म्हणजे हेडफोन चालवायच्या छोट्या अँप्लिफायरचं) किट सोल्डर करायला मला शनिवार-रविवार लागला. एनई५५३२ ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप), पुढे बीडी१३९-बीडी१४० ट्रान्झिस्टरच्या जोड्या, मला ऑनलाइन अकराशेला मिळालं ते किट. सुरू केलं, हेडफोन लावायच्या आधी आउटपुटला मल्टिमीटर धरला, डीसी ऑफसेट (आउटपुटला येणारा नको असलेला डीसी व्होल्टेज, जास्त असला तर हेडफोन खराब होतो) दोन्ही चॅनेलला १० मिलिव्होल्टच्या आत. खूश. आता फक्त डबा करायचा राहिला असं बायकोला सांगितलं ते मे महिन्यात, आणि हे लिहितोय ऑगस्टमध्ये, म्हणजे काय ते समजून घ्या.

तर हा रिव्ह्यू अँपचा नाहीच, डब्याचा आणि कनेक्टरचा आहे. कारण किटचे रिव्ह्यू शंभर मिळतात पण पुण्यात बसून कॅबिनेट कुठून करायचं, जॅक कुठला घ्यायचा, भोकं कोण पाडून देतं हे कोणी नीट लिहित नाही.

आधी तापकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाचा बाजार. गाडी घेऊन जाऊ नका, मी दोनदा नेली आणि दोन्ही वेळा पार्किंगपायी अर्धा तास गेला, तिसऱ्या वेळी मेट्रोने मंडईला उतरून चालत गेलो तर मजेत पोचलो. ट्रान्सफॉर्मर तिथेच घेतला, १५-०-१५ व्होल्टचा, ३० व्हीएचा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर), साडेसहाशे रुपये. दुकानातले काका साधारण सत्तरीचे, मला विचारलं कशाला पाहिजे, मी सांगितलं, तर म्हणाले "डबा मेटलचा का? मग बोल्ट बघून लाव. वरचं टोक झाकणाला टेकलं तर ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून समज." मला तेव्हा कळलंच नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा ट्यूब पेटली. टोरॉइडच्या मधल्या भोकातून बोल्ट जातो, खाली तळाला घट्ट, वर झाकणाला लागला की तळ-बोल्ट-झाकण-बाजू असा एक पूर्ण वेढा तयार होतो, म्हणजे एका वेढ्याचं शॉर्ट केलेलं सेकंडरीच (आउटपुटची गुंडाळी), आणि त्यातून इतका करंट जातो की फ्यूज उडेल नाहीतर ट्रान्सफॉर्मर भाजेल. माझा डबा आतून ६० मिमी उंच आणि सोबत आलेला बोल्ट ७५ मिमीचा होता! हॅक्सॉने कापला. ह्या एका वाक्यासाठी त्या दुकानाला पाचपैकी पाच. ऑनलाइन घेतला असता तर हे कोणी सांगितलं नसतं.

कनेक्टरच्या बाबतीत मात्र गल्लीत सांभाळून. पहिला ६.३५ मिमीचा (हेडफोनच्या जाड पिनचा) स्टिरिओ सॉकेट मी साठ रुपयांचा घेतला, चकचकीत क्रोमचा, हातात घेतल्यावर भारी वाटला. तीन आठवड्यात डावा चॅनेल जायला लागला, प्लग जरा फिरवला की येतो, सोडला की जातो. उघडून बघितलं तर आतली पत्ती इतकी पातळ की एकदा वाकली ती परत आलीच नाही. ६.३५ म्हणजे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजवाला प्लग, ऑपरेटर दिवसभर काढघाल करायचे त्यासाठी बनलेला, त्याचा सॉकेट तीन आठवड्यात मरतो म्हणजे किती भंगार बनवला असेल बघा. मग न्यूट्रिक कंपनीचा घेतला, पाचशेच्या आसपास. महाग वाटतो पण प्लग आत जाताना जो टक् होतो ना, तोच सांगतो पैसे कुठे गेले. डुप्लिकेट न्यूट्रिक पण फिरतात बाजारात, त्यामुळे लाइव्ह साउंडवाल्यांना सामान देणाऱ्या दुकानातून बिल घेऊनच घ्या. बजेट कमी असेल तर रीअन बघा, तो न्यूट्रिकचाच स्वस्तातला ब्रँड आहे.

एक चूक माझी, मी लॅचवाला घेतला. प्लग लॉक होतो, बटण दाबल्याशिवाय निघत नाही. स्टेजवर ठीक आहे, घरात नाही. पोरगं वायरीत पाय अडकवून पळालं तर प्लग सुटायच्या ऐवजी अख्खा अँप टेबलाच्या कडेपर्यंत आला. पडला नाही ही देवाची कृपा.

आरसीए सॉकेट (पीसीकडून गाणं आत येतं ते) घेताना दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे वॉशर असलेलेच घ्या, चार रुपये जास्त जातात. वॉशर नसले की सिग्नलचा ग्राउंड पॅनेलवरच बॉडीला चिकटतो, मग पीसीची अर्थिंग आणि अँपची अर्थिंग मिळून लूप होतो आणि घूं सुरू.

आता डबा. तयार एक्सट्रूजनचे (साच्यातून ओढून काढलेल्या अल्युमिनियमचे) डबे मिळतात पण त्यात माझा टोरॉइड बसत नव्हता. म्हणून भोसरी एमआयडीसीत एक लेझर कटिंग-बेंडिंगवाला गाठला, नाव लिहित नाही कारण पुढे तक्रार आहे. माणूस बोलायला चांगला, एका पीसचं काम घ्यायला तयार झाला हेच खूप, कारण बाकी तिघांनी "पन्नास पीस असतील तर या" म्हणून फोन ठेवला. डीएक्सएफ (कटिंग मशीनला चालणारं ड्रॉइंग) फाइल दिली, डबा २ मिमी अल्युमिनियम, पुढचं पॅनेल शोभेसाठी ५ मिमी. कटिंग एक नंबर. न्यूट्रिकच्या डी साइझ सॉकेटला २४ मिमीचं गोल भोक लागतं आणि स्क्रूची दोन भोकं तिरकी येतात, उभं अंतर २४, आडवं १९, ते अगदी केसभर सुद्धा हललं नव्हतं. मी हे घरी ड्रिलने करायला गेलो असतो तर बटाटा झाला असता. आयईसी सॉकेटचा (मागे पॉवर केबल लागते तो) चौकोन पण (स्विच, फ्यूज, सॉकेट तिन्ही एकत्रवाला, तोच घ्या, म्हणजे मेन्सची वायर पुढच्या पॅनेलपर्यंत फिरवायला लागत नाही) कानस न मारता बसला.

गडबड बेंडिंगला. झाकण बसेना. मी ड्रॉइंगवर माप लिहिलं पण आतलं का बाहेरचं ते लिहिलं नाही, आणि पत्रा वाकवताना ताणला जातो त्याचा हिशोब त्याने त्याच्या पद्धतीने धरला, एकूण फरक झाला जवळपास ४ मिमी. अर्धी चूक माझी, मान्य. पण त्याने फोन करून एकदा विचारायचं ना! वर नवीन झाकणाचे पूर्ण पैसे मागितले, बरीच घासाघीस करून अर्ध्यावर आला, आणि "परवा देतो" म्हणाला तो परवा एकोणीस दिवसांनी उगवला. कामाला चार, शब्दाला एक.

५ मिमीचं पॅनेल ही माझीच हौस आणि ती मला नडली. व्हॉल्यूम पॉटचा (नॉब ज्यावर बसतो त्या कंट्रोलचा) आटा इतका आखूड की पॅनेलमधून जेमतेम टोक बाहेर येतं, नट पकडणार कुठे. शेवटी घराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मागून २० मिमी रुंद, ३ मिमी खोल खड्डा मारून घेतला, शंभर रुपये आणि एक चहा. तुम्ही करत असाल तर सरळ २ नाहीतर ३ मिमीचं पॅनेल करा.

पावडर कोटिंग मॅट काळं, चारशे रुपये, दिसायला खरंच विकत आणल्यासारखं. आणि इथेच सगळ्यात मोठा घोळ. सगळं जोडलं, सेनहायझरचे एचडी ६०० हेडफोन लावले, गाणं सुरू नाही, शांतता. छान. व्हॉल्यूमच्या नॉबला हात लावला की घूं. हात काढला की बंद. दोन रात्री मी वायरिंग उलटंपालटं केलं, शिल्डेड वायर टाकली, टोरॉइड फिरवून बघितला, काही फरक नाही. शेवटी मल्टिमीटर कंटिन्युइटीला लावून पॅनेल ते तळ तपासलं तर बीपच नाही. पावडर कोट म्हणजे इन्सुलेटर! माझा डबा डबा नव्हताच, एकमेकांना चिकटून उभे असलेले पण आपसात न बोलणारे पाच पत्रे होते. अर्थिंगची वायर तळाला होती ती पण रंगावरच घट्ट केलेली, म्हणजे घूं सोडा, फेज सुटून बॉडीला लागला असता तर मला शॉक बसला असता आणि फ्यूज उडाला नसता. हे वाचून कोणी एकजण जरी आपला डबा उघडून तपासेल तरी हा रिव्ह्यू वसूल. स्क्रूच्या भोकाभोवतीचा रंग आतून पॉलिश पेपरने खरवडा, रिंग टर्मिनल, दातेरी वॉशर, नट, आणि प्रत्येक पॅनेल आयईसीच्या अर्थ पिनशी बीप होतोय का बघा. अॅनोडाइज केलेल्या तयार डब्यांना पण हेच लागू, तो थर पण करंट जाऊ देत नाही. पॉटची बॉडी जिथे टेकते तिथे पण खरवडलं. घूं गेली ती गेलीच.

हिशोब: किट ११००, टोरॉइड ६५०, डबा आणि कोटिंग मिळून २२००, कनेक्टर-स्विच-वायर १३००, एकूण ५२५०, नवीन झाकणाचे अर्धे पैसे आणि तो चहा वेगळा. एवढ्यात तयार अँप येतो का, येतो, मला माहितीये, बायकोनेही तेच विचारलं.

निळा एलईडी इतका भगभगीत होता की रात्री खोलीत आकाशकंदील लावल्यासारखं वाटायचं, सिरीजला ४७ के रेझिस्टर टाकला तेव्हा कुठे डोळ्याला बरा वाटतो. आणि मागच्या पॅनेलवर एक भोक जास्तीचं आहे, आधीच्या ड्रॉइंगमधलं, खोडायचं राहून गेलं. तिथे सध्या काळं रबर ग्रोमेट लावलंय, कोणी विचारलं तर डिजिटल इनपुटसाठी ठेवलंय म्हणून सांगतो.