रेडिएटरची जाळी : एकाच दुकानाने दोनदा घेतलेले पैसे

खडीच्या आणि चिऱ्यांच्या डंपरमागून ज्यांना रोज मुंबई-गोवा महामार्गावर गाडी चालवावी लागते, त्यांना रेडिएटरपुढे जाळी असावी असे वाटणे रास्तच आहे. उडालेला खडा बंपरखालच्या मोकळ्या जागेतून थेट आत शिरतो आणि एसीच्या गाडीत त्याचा पहिला मार बसतो तो रेडिएटरला नव्हे, तर त्याच्या पुढ्यात असलेल्या, एसीचा गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या पातळ ॲल्युमिनियम नळ्यांना. याच भीतीवर धंदा करणाऱ्या एका दुकानाचा मला आलेला अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहीत आहे.

आंब्याच्या हंगामाच्या तोंडावर महामार्गालगतच्या एका दुकानात मी माझ्या पिकअपला जाळी बसवून घेतली. ती ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची आहे, खाऱ्या हवेत गंजणार नाही आणि हवा जराही अडवणार नाही, असे दुकानदाराने चार माणसांसमोर सांगितले. बिलावर मात्र ‘जाळी व फिटिंग, २२०० रुपये’ एवढेच लिहिले. ग्रेड लिहून द्या म्हटल्यावर, ‘अहो, आमचं दुकान कुठं पळून जातंय काय?’ असे उत्तर मिळाले. दुकान खरोखरच पळून गेलेले नाही.

देवगडहून पेट्या भरून फोंडा घाट चढू लागलो की टेम्परेचरचा काटा वर सरकू लागे. एसी बंद करावा, दाजीपूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन थांबावे, असे सुरू झाले. मी त्याच दुकानात गेलो. तेथील मिस्त्रीने बोनेट उघडले आणि जाळीकडे न पाहताच थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कुलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप, गेल्याचे सांगितले. थर्मोस्टॅट बदलून, कुलंट नवे भरून त्यांनी आणखी ३४०० रुपये घेतले. गाडी पुढच्याच खेपेला पुन्हा तापली, तेव्हा आता पंख्याची मोटर बदलावी लागेल असा सल्ला आला.

जुना थर्मोस्टॅट मी मागून घेतला होता, आणि पुढचे सगळे त्यामुळेच उघडकीस आले. गावातील एका जुन्या मेकॅनिकने तो पातेल्यातील पाण्यात दोरीला टांगून ठेवला आणि शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवले. थर्मोस्टॅटवर ८२ हा, झडप उघडू लागण्याच्या तापमानाचा (अंश सेल्सिअस) आकडा कोरलेला होता. पारा तेथे पोहोचताच त्याची झडप हलली आणि पाणी आणखी तापल्यावर पूर्ण उघडली. म्हणजे चांगला भाग काढून त्याचे पैसे माझ्याकडून घेतले होते.

मग त्या मेकॅनिकने जाळी मोजली. भोक २ मिलिमीटरचे आणि तार १ मिलिमीटरची, म्हणजे दर ३ मिलिमीटरमागे उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी २ मिलिमीटरच मोकळे. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर जेमतेम ४४ टक्के जागा हवेसाठी उरते. त्यातही जांभ्याची धूळ आणि रात्रीचे किडे अडकून निम्मी भोके बुजलेली होती. सपाटीवर वेगात समोरून येणाऱ्या वाऱ्याने हे निभावून जाते. घाटात भरल्या गाडीचा वेग कमी आणि इंजिनावर ताण जास्त असल्यामुळे सगळी भिस्त पंख्याने ओढलेल्या हवेवर असते. जाळी काढून तेवढाच माल घेऊन तोच घाट चढलो, तर काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही.

गंजाच्या तांबूस रेघा तारांच्या जोडांवर आधीच दिसत होत्या. चुंबक लावला तर तो घट्ट चिकटला. ३०४ च्या ओढलेल्या तारेला तो फार तर किंचित ओढ घेतो. (चुंबक चिकटला नाही म्हणजे माल ३०४ च, असेही नव्हे, २०२ सारख्या स्वस्त ग्रेडलाही तो बहुधा चिकटत नाही आणि किनाऱ्यावर ती ग्रेड लवकर डागाळते.) सर्वांत संताप आला तो बांधणी पाहून. जाळी ठेवण्यासाठी केबल टाय थेट कंडेन्सरच्या पात्यांतून ओवले होते, आणि तारेचे एक कापलेले टोक हादऱ्यांनी नळीवर घासून तिथे तेलकट काळा डाग पडला होता. एसीचा गॅस तिथूनच गेला होता. शिवाय खारी ओल असताना लोखंडी तार ॲल्युमिनियमला टेकली की ॲल्युमिनियम झिजते, ते वेगळेच.

आता मी १० मिलिमीटर भोकाची, दीड मिलिमीटर तारेची जाळी बंपरच्या सांगाड्याला, कंडेन्सरपासून दोन बोटे पुढे बसवून घेतली आहे. तिच्यात सुमारे ७५ टक्के जागा मोकळी राहते. बारीक रेती आत जाते, ती इंजिनाच्या बाजूने पाण्याची हलकी धार सोडून धुता येते. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारू देऊ नये, पात्या आडव्या होतात. ग्रेड, भोक आणि तार यांची मापे बिलावर लिहून देणाऱ्याकडूनच ही जाळी घेतली.

दुकानदाराने पैसे परत करण्यास नकार दिल्यावर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेथे तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. जुना थर्मोस्टॅट, गंजलेली जाळी आणि दोन्ही बिले मी त्यासाठी जपून ठेवली आहेत.