चंद्रा दुर्बिणीचा खुला विदासंग्रह: क्वेसारच्या झोतांसाठी कितपत उपयोगी?

क्वेसार म्हणजे महाकाय कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे झळकणारे दूरच्या दीर्घिकेचे केंद्रक. त्यातून येणारे क्ष-किरण आणि त्याच केंद्रकातून निघणारा चिमुकला रेडिओ झोत (वेगवान कणांचा अरुंद प्रवाह) यांचे नाते तपासण्यासाठी मी चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीचा खुला विदासंग्रह वापरला. त्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि शोधपानावर ‘३सी २७३’ एवढे टाइप केले की या क्वेसारच्या साऱ्या निरीक्षणांची यादी क्रमांक आणि तारखांसकट समोर येते. या दुर्बिणीची झोतांशी गाठ पडली तीही गंमतशीर रीतीने: ऑगस्ट १९९९ मध्ये आरशांचे केंद्रीकरण साधण्यासाठी पीकेएस ०६३७-७५२ हा क्वेसार बिंदुवत स्रोत म्हणून निवडला गेला, आणि त्याच्या शेजारी क्ष-किरणांत चक्क झोत निघाला.

या निरीक्षणांच्या विश्लेषणाची ‘सियाओ’ ही संगणकप्रणालीही मोफत मिळते आणि तिची टप्प्याटप्प्याने लिहिलेली मार्गदर्शक पाने हा या सेवेतला सर्वांत उजवा भाग आहे. ३सी २७३ची प्रतिमा मी ‘डीएस९’ या प्रतिमा पाहण्याच्या प्रणालीत प्रथम उघडली, तेव्हा केंद्रकातून आरपार जाणारी सरळ रेघ मला झोतच वाटली होती. प्रत्यक्षात ती शोधकातील चौकट (एका वेळी टिपलेली प्रतिमा) वाचली जात असताना येऊन पडणाऱ्या फोटॉनांची रेघ असते. खरा झोत नैर्ऋत्येला होता. इतक्या तेजस्वी केंद्रकात दुसरी अडचणही येते: सुमारे ३.२ सेकंदांच्या एकाच चौकटीत दोन फोटॉन एका जागी पडले की ते अधिक ऊर्जेचा एकच फोटॉन म्हणून मोजले जातात आणि वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले त्याचा आलेख) बिघडतो. गंमत अशी की, न बिघडलेला वर्णपट त्या फसव्या रेघेतूनच काढता येतो, आणि हे कसे करायचे तेही मार्गदर्शक पानांत दिलेले आहे.

मूळ प्रश्नासाठी मात्र हा संग्रह एकटा पुरत नाही. रेडिओत प्रखर असलेले क्वेसार, दृश्य प्रकाशात तितक्याच तेजस्वी पण रेडिओत मंद असलेल्या क्वेसारांपेक्षा क्ष-किरणांत अधिक उजळ असतात. म्हणून कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूच्या प्रभामंडलाखेरीज झोताचा तळही क्ष-किरणांत भर घालत असावा, असे मानले जाते. पण चंद्रा दुर्बिणीची अर्ध्या विकलेची (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) विभेदनक्षमता ३सी २७३च्या अंतरावर सुमारे साडेचार हजार प्रकाशवर्षांइतकी भरते, त्यामुळे हा तळ आणि प्रभामंडल प्रतिमेत वेगळे दिसणे शक्यच नाही. रेडिओ बाजूसाठी ‘मोजावे’ प्रकल्पाच्या १५ गिगाहर्ट्झच्या प्रतिमा घ्याव्यात. त्या २५ मीटर व्यासाच्या दहा अँटेनांच्या व्हीएलबीए जाळ्यातून मिळतात, त्यांत सहस्रांश विकलेपर्यंतचा तपशील दिसतो आणि त्याही सर्वांना खुल्या आहेत.

दोन्हीकडच्या तारखा जुळवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते, आणि क्वेसारचे तेज बदलत असल्याने ते टाळता येत नाही. ३सी २७३ हा चंद्रा दुर्बिणीच्या अंशांकनासाठी (उपकरणाची मोजमापे तपासून जुळवण्यासाठी) वारंवार पाहिला जाणारा स्रोत असल्यामुळे तेथे जवळच्या तारखांच्या जोड्या सापडतात. मंद क्वेसारच्या वाट्याला कित्येकदा एखादेच निरीक्षण आलेले असते, तेव्हा नवख्याने सुरुवात ३सी २७३पासूनच करावी.